लेकीच्या गावचा पूल

पाटील,

तुमचं तेरावं झालं त्या दिवशी रेखानं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "ताई, बाबा माझ्या दारात यायचं न्हवतं म्हून मागं राहिले का?" मांडवात पंगत बसली होती, वाढपी घाई करत होते, आणि तुमची लेक माझा दंड धरून उत्तराची वाट बघत उभी. मी म्हणाले, गुरांसाठी थांबले असतील गं. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. मला तर खरं काय ते माहीतच आहे. तिला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही वाचणार नाही, हेही माहीत आहे. जिवंतपणी तरी मी पाठवलेलं काही वाचलं असेल तर शपथ. "ताई, फोनवर सांगा, चष्मा सापडंना," हे तुमचं ठरलेलं उत्तर.

आपली ओळखच फोनवरची. मी तहसिलात पूरनियंत्रण कक्षाचा फोन सांभाळणारी कारकून आणि तुम्ही नदीकाठच्या गावचे पोलीस पाटील. गोदावरीला आपल्याकडं गोदावरी कोण म्हणतं, सगळ्यांची गंगाच. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की निरोप परभणीहून माझ्याकडं आणि माझ्याकडून तुमच्याकडं यायचा. पहिल्या वेळी मी कागदावरचं जसंच्या तसं वाचलं, विसर्ग, क्युसेक, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, वगैरे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "मारुतीच्या पायरीला लागंल का न्हाई, तेवढं सांगा." मला काय ठाऊक तुमचा मारुती कुठं आहे ते. मी चिडून फोन ठेवला. पण पुढच्या सुट्टीला सेलूहून एसटी बदलत बदलत तुमच्या गावाला आले ती तो मारुती बघायलाच. पाणी पायरीला कधी लागतं ते तुम्हालाही नक्की सांगता यायचं नाही, हे तिथं आल्यावर कळलं. तुमचे अंदाज माझ्या कागदाइतकेच चुकायचे. फक्त तुम्ही ते छातीठोकपणे सांगायचात.

त्या दिवशी तुम्ही मला गाव दाखवलंत. गाव खोलगटात. मागं ओढा, आणि गंगेला पूर आला की तो उलटा फुगून तालुक्याला येणारा रस्ता सगळ्यात आधी गिळतो. पुढं गंगेवर उंच पूल. पुलापलीकडं दरडीवर दुसरं गाव, आणि ते बीड जिल्ह्यात. म्हणजे पूर आला की तुमचं गाव स्वतःच्या जिल्ह्यापासून तुटायचं आणि परक्या जिल्ह्याला जोडलेलं राहायचं. तेही पुलाच्या तुमच्याकडच्या सखल तोंडावर पाणी चढेपर्यंत. पलीकडची शाळा तुमच्या ओसरीतून दिसते. पण माझ्या टेबलावरून तिथं निरोप पोचवायचा तर तो आधी वर चढायचा, मोठ्या साहेबांच्या दारावरून फिरायचा आणि मग पलीकडच्या जिल्ह्यात खाली उतरायचा. तोवर पाणी पुढच्या तालुक्यात गेलेलं असायचं. तुम्ही म्हणालात, "आमच्या लेकी तिकडं दिल्यात, त्यायच्या लेकी हिकडं आल्यात. हद्द काय ती तुमच्या कचेरीतच हाय."

रेखाला तुम्ही त्याच गावात दिलीत. लग्नाच्या गडबडीतच तुम्ही व्याह्यांशी बोलून ठेवलंत की पाण्याची खबर आली की त्यांचे ट्रॅक्टर पूल ओलांडून यावेत, बायका, पोरं, म्हातारी माणसं घेऊन जावीत आणि शाळेत उतरवावीत. आणि उन्हाळ्यात त्यांच्या उसाला आग लागली की तुमच्या गावानं टँकर आणि माणसं घेऊन धावायचं. लेखी काही नाही, सही नाही, शिक्का नाही. पहिल्यांदा लोक तिकडं गेले तेव्हा आमच्या साहेबांनी मला फैलावर घेतलं. आपले लोक दुसऱ्या जिल्ह्यात गेलेच कसे, त्यांच्या जेवणाचं कुणी बघायचं, अहवालात काय दाखवायचं. मी तेच तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "व्याह्याकडं गेलेत म्हून लिवा." साहेब आधी चिडले आणि मग हसायला लागले. शेवटी अहवालात नातेवाइकांकडे तात्पुरते स्थलांतर असं लिहून गेलं.

मग तुमच्या डोक्यात खूळ शिरलं की दोन्हीकडच्या साहेबांना एकदा समोरासमोर बसवायचं. पण कुणी कुणाच्या कचेरीत जायचं यावर ते अडलं. आमचे म्हणत त्यांनी यावं, ते म्हणत यांनी यावं. तुम्ही त्यावर तोड काढलीत ती बघून मी डोक्याला हात लावला. बैठक पुलावर, बरोबर मधोमध. दोन्ही शाळांच्या खुर्च्या, दोन्हीकडच्या सतरंज्या. दोन्ही गावांतून चहा आला आणि कुणी रुसू नये म्हणून सगळ्यांना दोन्ही चहा प्यावे लागले. वर ऊन, खाली वाळू, आणि मध्येच कुणाचा तरी उसाचा ट्रॅक्टर आला की सगळ्या कचेरीनं खुर्च्या उचलून कठड्याला लागायचं. पण त्या बैठकीत पलीकडच्या तालुक्यात माझ्यासारखेच फोन सांभाळणारे जाधव मला भेटले, आणि आम्ही एकमेकांचे नंबर घेतले. दोन जिल्ह्यांचं सहकार्य म्हणतात ते आमच्याकडं एवढंच होतं. त्यानंतर धरणाची खबर त्यांना आधी कळली तर ते मला सांगायचे, मला आधी कळली तर मी त्यांना.

बैठक उरकून जेवणं झाल्यावर तुम्ही मला रेखाच्या घरी घेऊन गेलात. चैत्राचं ऊन, तुमचा सदरा पाठीला चिकटलेला. तिनं पाण्याचा तांब्या आणला. मी घटाघटा प्याले आणि तुम्ही म्हणालात, "मला तहान न्हाई." तिनं तो तांब्या दोन्ही हातांत धरून आत नेला. येताना तिचे डोळे लाल होते. लग्नाला कितीतरी वर्षं होऊन गेलेली, घरात मूल नाही, आणि बाप दर खेपेला दारात येऊन तहान नाही म्हणून सांगणारा. परतताना पुलावर मी तुम्हाला झाडलं. तुम्ही म्हणालात, "रीत हाय ताई. लेकीच्या घरी नातवंड खेळंस्तोर बापानं पानी घेऊ न्हाई."

मला ही रीत शिकवता, पाटील? माझा बाप पिंगळीचा. मला सेलूला दिल्यावर तो पॅसेंजरनं भेटायला यायचा, स्टेशनच्या नळावर पोटभर पाणी पिऊन घ्यायचा आणि मग माझ्या घरी येऊन तासभर कोरडा बसायचा. सासूबाई आतून बघायच्या. मुलगा झाला तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्या घरचा तांब्या तोंडाला लावला. आनंद व्हायचा सोडून मला संतापच आला. इतकी वर्षं मी याची लेक नव्हते का, असं मनात आलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पुलावर तुम्हाला सांगितलं.  तुम्ही विचारलंत, "रेखाला वाईट वाटत असंल का?" मी म्हणाले, असंल काय, वाटतंच. तुम्ही म्हणालात, "बगू." एवढंच. पुढच्या खेपेलाही तुम्हाला तहान नव्हतीच.

आपलं खरं भांडण मात्र वेगळं होतं आणि ते राहूनच गेलं. मी म्हणायची, हा सगळा बंदोबस्त कागदावर येऊ द्या. दोन्ही जिल्ह्यांचा आदेश निघू द्या. साहेब बदलतात, मीही उद्या निवृत्त होईन, तुम्ही काही अमरपट्टा बांधून आलेले नाही. तुम्ही म्हणायचात, "कागद हिकडचा येगळा, तिकडचा येगळा. सोयरिक एकच ऱ्हाती." मी म्हणायची, सोयरिकीत मानपान येतो. कोण मुलीकडचा, कोण मुलाकडचा, कुणी कुणाच्या दारात किती वेळ बसायचं, हे सगळं येतं. कागदावर गेलेला माणूस नुसता पूरग्रस्त असतो, त्याला शाळेत झोपायला लाज वाटत नाही. तुम्ही हसून म्हणायचात की ताईला कचेरी चावलीय. माझं बरोबर होतं, पाटील. पण आता तुम्ही हरलात असं तरी मी कुणाकडं जाऊन म्हणू.

यंदा भाद्रपदात पाऊस थांबायलाच तयार नव्हता. त्या सकाळी जाधवांचा फोन आधी आला, वरचे सगळे दरवाजे उघडायलेत म्हणून. मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही मारुतीचा भोंगा लावलात, आणि ट्रॅक्टर पूल ओलांडून आले. साहेबांनी परवानगीचं नावही काढलं नाही. दुपार व्हायच्या आत गाव रिकामं झालं. तुम्ही फोन केलात, "समदे गेले ताई." मी म्हणाले, आणि तुम्ही? तुम्ही म्हणालात, लोकांची घरं उघडी हायत, कुणीतरी पायजे. मी म्हणाले, निघा. तर म्हणे गुरं सोडायचीत. मी परत म्हणाले, निघा. तर म्हणे पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर काढून आणतो. एका गोष्टीला तीन कारणं देणारा माणूस चौथं लपवत असतो, हे इतकी वर्षं कचेरीत बसून मला कळत नाही का. मी सरळच विचारलं, रेखाकडं जायचं नाही म्हणून बसलात ना?

 तुम्ही म्हणालात, "व्याह्याच्या शाळंत पोतं टाकून पडायचं, आन् लेकीनं सासरच्यासमोर ताट आणून द्यायचं. तिला खाली बगाया लागंल ताई. त्यापरीस मी हितंच बरा. पंचायतीच्या सलाबावर पानी येत न्हाई."

मी ओरडले, विनवलं, तुमच्या आईची शपथ घातली. तोवर पुलाचं तोंड पाण्याखाली गेलं.

त्यानंतरचं तुम्हाला सगळं माहीत आहे आणि नाहीही. पंचायतीच्या छतावर, तुमच्या त्या सलाबावर पाणी आलं नाही, तुमचा तो अंदाज एकदाचा बरोबर निघाला. पण तुम्ही दिवसभर उघड्यावर भिजत होतात. मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी वरच्या कुणाला न विचारता थेट पलीकडच्या साहेबांना फोन लावला. आपल्याकडची बोट फुगलेल्या ओढ्यापलीकडं काढता येईना. पलीकडची बोट वरच्या अंगाला शेतवस्तीवर अडकलेली माणसं काढत होती. त्यात लेकुरवाळ्या होत्या, ती अर्ध्यात कशी सोडायची. जाधव दर थोड्या वेळानं सांगायचे, निघायलीय, आता निघायलीय. रेखा पुलावर येऊन उभी राहिली होती. तिला तुम्ही दिसत होतात, छतावरच्या टाकीला टेकून बसलेले. हाक मारली तर पाण्याच्या आवाजात काही ऐकू जात नव्हतं. मी फोन लावला तर तुम्ही म्हणालात, छातीत धरल्यागत झालंय जरा. त्याच्या पुढच्या वेळी नुसती घंटी वाजत राहिली.

बोट आली. परक्या जिल्ह्याची बोट, परक्या जिल्ह्याची माणसं, कुणी कागद मागितला नाही, कुणी हद्द विचारली नाही. तुम्ही आयुष्यभर ज्यासाठी भांडलात ते त्या दिवशी अगदी तुम्हाला हवं तसं झालं. ती पोचली तेव्हा तुम्ही तसेच टाकीला टेकलेले होतात. मी कुणावर ओरडू, पाटील? कुणाचं चुकलं म्हणून सांगू? कुणी हलगर्जी केली असती तर मला निदान भांडता तरी आलं असतं. तुम्हाला तर माहीत आहे, भांडायला मिळालं की मी बरी असते.

ओढा उतरेना म्हणून तुम्हाला पलीकडंच नेलं. मी तिथं नव्हते. मी इकडं कक्षात खुर्चीवर बसून होते आणि फोन वाजत होते, दुसऱ्या गावांचे, आणि मी त्यांना पाणी सांगत होते. जाधवांनी मला नंतर सांगितलं की तुम्हाला रेखाच्या अंगणात ठेवलं होतं. मयत आपल्या जिल्ह्यातलं, देह त्यांच्या जिल्ह्यात, पंचनामा कुणी करायचा याची थोडा वेळ चर्चा झाली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पुलावर करा. रेखानं घरातून पाणी आणलं आणि तुमच्या तोंडात घातलं. तिच्या सासऱ्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.  

मला तुमचा राग येतो. रोज येतो. डबा खाताना येतो, एसटीत खिडकीला डोकं टेकलं की येतो. आणि त्या रागातच मला दिसतं की त्या दिवशी तुमच्याशिवाय गावातलं एक माणूस, एक लेकरू दगावलं नाही. ते तुमच्यामुळं. आमच्या कचेरीमुळं नाही. माझ्या सर्व्हिसमध्ये मी कितीतरी आदेश टाइप केले, त्यातल्या एकानं तरी कुणाचा जीव वाचला का ते मला सांगता यायचं नाही. तुमच्यासोबत मात्र मी एक काम केलं ज्यानं माणसं वाचली. हे तुम्हाला कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, ताई, आज बरं वाटंना का तुमाला?

आता पुढचं ऐका, कारण हे सांगायलाच खरं म्हणजे बसले. तेराव्यानंतर चार दिवस उघाड पडली आणि परत आभाळ आलं. परत दरवाजे उघडले. तुमच्या जागी अजून कुणी नाही, म्हणून मी तुमच्या शेजारच्या काशिनाथमामांना फोन केला. त्यांच्याही दोन लेकी पलीकडं. ते म्हणाले, बायका, पोरं पाठवतो, आमी म्हातारी माणसं हितंच थांबताव. मी म्हणाले, मामा, असं काय करता? ते म्हणाले, "पाटील गेले न्हाईत, जीव दिला पन व्याह्याच्या दारात गेले न्हाईत. आमी कसं जावं?"

 जो माणूस दहा वाटा काढून सगळ्यांना पलीकडं पोचवायचा, त्याचंच नाव घेऊन लोक मागं राहायला लागले होते. तुमच्या मरणाचा त्यांनी मान केला होता. मी एकेकाला फोन लावला, सगळ्यांचं तेच. मी काही करू शकत नव्हते. मी जाधवांना सांगितलं, आणि त्यांनी दुसरं काही सुचेना म्हणून ते रेखाच्या घरी जाऊन सांगितलं.

ट्रॅक्टर नेहमी रिकामे यायचे आणि भरून जायचे. या वेळी ते येतानाच भरलेले आले. ट्रॉल्यांत तुमच्या गावच्या पलीकडं दिलेल्या लेकी बसल्या होत्या, पदर खोचून, कुणाच्या कडेवर पोर. रेखानं घरोघरी फिरून त्यांना गोळा केलं होतं. एकेक लेक उतरली ती सरळ आपल्या बापाच्या ओसरीत जाऊन बसली. काशिनाथमामांची थोरली म्हणाली, "तुमी उठल्याबिगर मी उठत न्हाई. बुडायचं तर संगट बुडू." मामांनी आधी शिव्या घातल्या. मग वळकटी काखेत मारली आणि मान खाली घालून ट्रॉलीत जाऊन बसले. एकेक करत सगळे म्हातारे निघाले. त्या रात्री शाळेत कुणी ताटाला नाही म्हटलं नाही, असं जाधव सांगत होते. गावात कुणी मागं राहिलं नाही. रेखाही शेवटच्या ट्रॉलीनं गेली, हे मला संध्याकाळी कळलं.

पण त्याच्या आधी, ट्रॉल्या भरत असताना, तिचा मला फोन आला होता. मागून ट्रॅक्टरची घरघर ऐकू येत होती, बायका एकमेकींना हाका मारत होत्या. मी विचारलं, कुठं आहेस? ती म्हणाली, बाबांच्या ओसरीत बसलेय. मी म्हणाले, तिथं काय करतेस? 

ती म्हणाली, "समद्या जणी आपापल्या बापाला घेऊन निघाल्या, ताई. मी कुनाला घेऊन जाऊ?"

पाटील, माझ्यासमोर भिंतीवर सगळ्या धरणांचे आकडे लावलेले होते, दोन्ही जिल्ह्यांचे नंबर लावलेले होते.  मी तिला एवढंच म्हणाले, ऊठ बाई, पुलाच्या तोंडाला पाणी लागायच्या आत नीघ.